तिसऱ्या घंटेआधी: एकांकिकेत पहिल्यांदाच उभं राहणाऱ्यांसाठी

एकांकिकेत निवड झाली की सुरुवातीचे दिवस मजेत जातात. तालमीचा चहा, वडापाव, रात्री उशिरा घरी आल्यावर आईची बोलणी. मग स्पर्धेचे लॉट्स, म्हणजे कुणाचा प्रयोग कधी याच्या चिठ्ठ्या, निघतात, आपल्या कॉलेजची तारीख कळते आणि पोटात गोळा येतो. तो गोळा प्रयोगाच्या दिवसापर्यंत कसा वागवायचा, एवढाच या लेखाचा विषय.

मी नट नव्हे. हौशी नाटकांत विंगेत उभं राहून प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, हातात देणारा, पडदा ओढणारा माणूस आहे. त्यामुळे एन्ट्रीच्या आधीचे चेहरे मला फार जवळून दिसतात. टाळी घेऊन परत येणारे आणि अडखळून परत येणारे, दोघंही आत जाताना सारखेच घाबरलेले असतात. फरक पडतो तो शेवटच्या तास-दीड तासात ते काय करत होते त्याने. कोपऱ्यात रिकामं बसून राहिलेलं पोर गळपटतं, हाताला काम असलेलं तरून जातं. म्हणून भीती घालवायच्या मागे लागू नका. कुठल्या वेळी तिला कुठलं काम द्यायचं ते ठरवून ठेवा.

आधी शरीराचं समजून घ्या

घंटा वाजायच्या आधी छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात गार आणि ओले होतात आणि पाच मिनिटांपूर्वी जाऊन आलेलो असूनही पुन्हा बाथरूमला जावंसं वाटतं. हे सगळं ॲड्रेनॅलिनचं काम. शरीराला वाटतं संकट आलंय, म्हणून ते रक्त हातापायाच्या मोठ्या स्नायूंकडे वळवतं, पचन थांबवतं, लाळ कमी करतं. पळायचं असेल तर ही व्यवस्था झकास आहे. आपल्याला फक्त बोलायचं असतं, त्यामुळे ती आडवी येते. पण तीच ऊर्जा नसली तर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचत नाही. अगदी निवांत नट विंगेत दिसला की मला उलट काळजी वाटते.

अनुभवाने ही भीती जाते असंही नाही. लॉरेन्स ऑलिव्हिए हे ब्रिटिश रंगभूमीवरचं केवढं मोठं नाव! साठच्या दशकात, पन्नाशी उलटल्यावर त्यांना रंगमंचाच्या भीतीने गाठलं. ‘ऑथेल्लो’च्या प्रयोगात स्वगतं एकट्याने म्हणायची वेळ आली की सहकलाकार फ्रँक फिन्ले यांना ते आपल्याला दिसेल असं विंगेत उभं राहायला सांगत. तुम्ही तर पहिल्यांदाच उभे राहताय.

आणखी एक गोष्ट आजच डोक्यात पक्की करा. आतली धडधड बाहेर फारशी दिसत नाही. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली भाषणाच्या भीतीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपण किती घाबरलोय ते लोकांना दिसतंय असं बोलणाऱ्यांना वाटत होतं, ऐकणाऱ्यांना मात्र त्याहून बरंच कमी दिसत होतं. आणि हे आधी सांगून ठेवलं तर भाषणही बरं होत होतं. म्हणून तुम्हालाही आधी सांगून ठेवतोय.

आठ दिवस आधी

पाठांतर झालं असं आपण म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा घरच्या पलंगावर बसून झालेलं असतं. स्टेजवर डोक्याचा अर्धा भाग भीतीने अडवलेला असतो, उरलेल्या अर्ध्यावर वाक्यं यावी लागतात. तेव्हा पाठांतराला त्रास द्या. भांडी घासताना म्हणा, जिना चढताना म्हणा, टीव्ही चालू असताना म्हणा. सगळ्या टीमने एकदा दुप्पट वेगात, अभिनय न करता, नुसती वाक्यं टाकत अख्खी एकांकिका पळवा. कुठे अडतं ते लगेच कळतं.

पहिली तीन वाक्यं आणि पहिली हालचाल यांचं पाठांतर मात्र उरलेल्या सगळ्यापेक्षा घट्ट हवं. झोपेतून उठवलं तरी यायला हवीत इतकं. पहिल्या अर्ध्या मिनिटात भीती सर्वांत जास्त असते, ते अर्धं मिनिट सवयीवर निघालं की पुढे समोरच्याचं ऐकू यायला लागतं आणि गाडी रुळावर येते. स्वतःच्या वाक्याआधीचं समोरच्याचं वाक्य, म्हणजे क्यू, तोही पाठ करा. नवी मुलं फक्त स्वतःच्या ओळींना हायलाइटर मारून ठेवतात. मग समोरच्याने एक शब्द बदलला की यांची वाचाच बसते.

जमलं तर त्याच स्पर्धेत आपल्या आधीच्या एखाद्या दिवशी प्रेक्षक म्हणून जाऊन बसा. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात प्रयोगाआधी ‘अरे, आवाज कुणाचा’ अशी आरोळी उठते आणि मागच्या रांगांमधून छप्पर फाटेल असा प्रतिसाद येतो. खाली खुर्चीत बसून तो आवाज ऐकताना अंगात वारं भरतं. पडद्यामागे उभं राहून तोच पहिल्यांदा ऐकला तर पाय लटपटतात. आधी एकदा कानावरून गेलेला असला की निम्मा फरक पडतो. मुंबई, नाशिक, नगर, कोल्हापूर, कुठेही असा, त्या-त्या स्पर्धेचा आणि थिएटरचा स्वतःचा गोंगाट असतो. तो ओळखीचा करून घ्या.

रंगीत तालीम पूर्ण वेशात, खऱ्या प्रॉपर्टीसह, मध्ये न थांबता करा. थांबवून दुरुस्त करायची सवय लागलेला नट चुकल्यावर दिग्दर्शकाकडे बघतो. प्रयोगात दिग्दर्शक नसतो, तिथे अंधार असतो.

आदली रात्र

झोप लागेलच असं नाही. न लागली तर आडवं पडून राहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने प्रयोग पडत नाही, दुसऱ्या दिवशी ॲड्रेनॅलिन तेवढं भरून काढतं. पण ‘झोप येत नाहीये’ या काळजीने पहाटे तीनला उठून संहिता उघडली की सकाळी डोकं जड आणि वाक्यांची खिचडी.

झोपायच्या आधी पिशवी भरा. वेशातला प्रत्येक कपडा, चप्पल-बूट, जादा नाडी, सेफ्टी पिना, कंगवा, रुमाल, पाण्याची बाटली. सकाळी ‘माझा बेल्ट कुठंय’ ही शोधाशोध सुरू झाली की आधीच तापलेल्या डोक्यावर आणखी कोळसे पडतात.

प्रयोगाचा दिवस

जेवण प्रयोगाच्या दोन-तीन तास आधी उरका. पोहे, उपमा, वरण-भात, केळं, असं साधं काहीतरी. अजिबात न खाणारे खूप असतात, ‘पोटात जातच नाही’ म्हणतात. त्यांनी निदान दोन घास आणि थोडी बिस्किटं खावीत, नाहीतर धडधडीत भुकेची थरथर मिसळते आणि कुठली कुठली ते कळत नाही. चहा-कॉफी रोजची असेल तेवढीच. तालमीच्या सवयीने टपरीवर चौथा कटिंग मारला की छातीतल्या ढोलाला ताशाची जोड मिळते. कॅफिनचा अंमल तासन् तास राहतो.

थिएटरवर लवकर पोचा आणि पोचल्याबरोबर मोकळा स्टेज चालून बघा, अर्थात परवानगी असेल तेव्हा. विंगेतून टेबलापर्यंत किती पावलं, लेव्हलची, म्हणजे स्टेजवर मांडलेल्या उंचवट्याची, कड कुठे, शेवटच्या रांगेतल्या मित्राला ऐकू जातंय का. लेव्हलच्या कडेला रेडियमची टेप लावली आहे ना ते स्वतः बघा. ब्लॅकआउटमध्ये चालायचं असेल तर त्याआधी काही सेकंद डोळे मिटून घ्यायची सवय करा, अंधाराला नजर लवकर सरावते आणि ठेच लागत नाही. ठेचेची भीती गेली की एकूण भीतीतला एक वाटा गेलाच.

नेपथ्य लावायला मदत करा. ‘मी लीड आहे, मी एनर्जी वाचवतो’ म्हणून बाजूला बसू नका. खिळा ठोकणाऱ्या, खुर्ची उचलणाऱ्या माणसाला घाबरायला सवड नसते.

एक सूचना दिग्दर्शकांनाही, तेही हे वाचत असतील म्हणून. रंगीत तालमीनंतर नवी सूचना देऊ नका. मेकअप चालू असताना ‘अगं, ते वाक्य जरा वेगळं घेऊन बघ ना’ हे ऐकून मुलीचं पाठ झालेलंही उडतं. आणि मुलांनो, दादा तसं बोललाच तर ‘हो दादा’ म्हणा आणि तालमीत ठरलं होतं तेच करा.

मेकअप रूम

इथे वेळ जात नाही आणि इथेच घबराट एकमेकांना लागते. रडवेल्या मैत्रिणीच्या समोर बसून तिला ‘घाबरू नकोस’ म्हणू नका. तिला काम द्या. ‘माझी पिन लाव’, ‘माझे शेवटच्या प्रवेशातले क्यू दे.’

आवाज आणि जबडा मोकळा करून घ्या. मोठ्ठी जांभई द्या, खोटी दिली तरी चार जांभयांनंतर खरी येते. तोंड मिटून गुणगुणा, ओठांना कंप जाणवला पाहिजे. मग ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात मिसळले राळे’ आधी सावकाश आणि मग जोरात. ‘चटईला टाचणी टोचली’ने च आणि ट सुटे होतात. किंचाळून आवाज तापवू नका, पहिल्याच प्रवेशात तो बसतो.

कोरड पडलेल्या तोंडाला साधं पाणी घोट-घोट. बाटली एकदम रिकामी केली की काय होतं ते वर आलंच आहे. जिभेचं टोक दातांनी हलकेच दाबलं किंवा चिंचेचा गोळा मनात आणला तर लाळ सुटते. खडीसाखर चालते, पण एन्ट्रीच्या आधी ती तोंडातून गेलेली हवी. आणि नऊवारी असेल तर बाथरूमला नेसायच्या आधी जाऊन या. यावर अधिक लिहायची गरज नसावी.

मित्राने देऊ केलेली ‘धडधड थांबवायची गोळी’ घेऊ नका. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं ठोके मंदावतात हे खरं, पण दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकतात. ती डॉक्टरांनी तपासून द्यायची गोष्ट. दारूचा घोट घेऊन जाणारेही असतात, त्यांची वाक्यं त्यांनाच बरी वाटतात.

विंगेतली शेवटची दहा मिनिटं

पहिली घंटा झाली. इथे सगळ्यात जास्त माणसं ढासळतात, म्हणून इथे जरा थांबू.

आधी श्वास. ‘खोल श्वास घे’ हा सल्ला सगळे देतात आणि नवखा माणूस भराभर, छाती फुगवून श्वास घेत सुटतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर आल्यासारखं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि तो आणखी घाबरतो. लक्ष श्वास सोडण्यावर ठेवा. नाकाने मनातल्या मनात चार मोजत आत घ्या आणि ओठांचा चंबू करून सहा ते आठ मोजत सावकाश बाहेर सोडा. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके मुळातच किंचित मंद होतात, तो काळ लांबवला की त्याचा फायदा मिळतो. सहा-सात वेळा पुरे. हे त्या दिवशी पहिल्यांदा करू नका, तालमीच्या प्रत्येक एन्ट्रीआधी करा म्हणजे शरीराला त्याची खूण पटते.

मग पाय. गुडघे ताठ करून उभं राहिलं की ते थरथरतात. किंचित सैल ठेवा, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकवा. तळहाताने भिंत पाच-सात सेकंद जोरात ढकला आणि सोडून द्या, खांदे कानापर्यंत उचला आणि टाकून द्या. साठलेली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. नेपथ्याचा फ्लॅट, म्हणजे खोटी भिंत, मात्र ढकलू नका!

मग स्वतःशी काय बोलायचं. ‘मी शांत आहे, मी शांत आहे’ हा जप बहुतेकांना लागू पडत नाही, कारण शरीर धडधडीत साक्ष देत असतं की तू खोटं बोलतोयस. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला लावलं. गाण्याआधी काहींनी ‘मी घाबरलोय’ म्हणायचं होतं, काहींनी ‘मी एक्सायटेड आहे’. दुसऱ्या गटाचं गाणं सरस ठरलं. भीती आणि उत्साह, दोन्हींत छाती तशीच उडते, म्हणून एकाचं दुसऱ्यात जाणं सोपं. आपल्याकडची मुलं विंगेत एकमेकांना ‘चल, फाडू या’ म्हणतात. अगदी तेच म्हणा.

आता हात. हातातली वस्तू थरथरली की प्रेक्षकांना दिसते आणि नटाला तर फारच दिसते. एका एकांकिकेत सुनेचं काम करणाऱ्या मुलीला चहाचा ट्रे घेऊन आत जायचं होतं. विंगेत उभ्या उभ्याच कपबश्या इतक्या किणकिणायला लागल्या की माझ्या शेजारचा संगीतवाला वळून बघायला लागला. तिचे हात थांबवणं आम्हा दोघांच्याही हातात नव्हतं. मी मेकअपच्या डब्यातला टिश्यू काढून चार घड्या केल्या, एकेक तुकडा प्रत्येक कपाखाली बशीत ठेवला, ट्रेमध्ये तिचाच रुमाल अंथरला आणि कप अर्धे रिकामे केले. तिला म्हटलं, ‘ताई, कोपरं अंगाला चिकटवून धर.’ किणकिण थांबली. आवाज थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की हातही तेवढे थरथरत नाहीयेत, ते निम्मे आवाजालाच घाबरले होते.

हीच युक्ती इतर वस्तूंना लावा. पत्र वाचायचं असेल तर कागदाच्या मागे पुठ्ठा चिकटवा. पेन, चष्मा, किल्ल्या असतील तर जड घ्या, हलकी वस्तू जास्त नाचते. शर्टाचं बटण लावायचा प्रसंग असेल तर ते टिचबटण करून घ्या.

रंगमंचाला हात लावून नमस्कार, नारळ, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं, हे तुम्ही मानत असा वा नसा, त्याचा एक उपयोग नक्की आहे. दर वेळी त्याच क्रमाने केलेली गोष्ट शरीराला सांगते की आता सुरू होतंय. मानत नसाल तर स्वतःची काहीतरी ठरवा. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधणारेही मी पाहिलेत.

पडद्याच्या फटीतून प्रेक्षागृहात डोकावू नका. आई आली का, प्रतिस्पर्धी कॉलेज कुठे बसलंय, परीक्षक कोण, यातलं काहीही कळून तुमचं वाक्य सुधारणार नाही. लाइट आले की समोरचं तसंही फारसं दिसत नाही, नव्या माणसासाठी ती मोठीच सोय आहे.

तिसऱ्या घंटेला डोक्यात एकच गोष्ट ठेवा, पात्र आत्ता कुठून आणि कशाला येतंय. ‘मी कसा दिसतोय’ याचं उत्तर विंगेत मिळत नाही. ‘मी बँकेतून आलोय आणि मला बाबांना सांगायचंय की कर्ज मिळालं नाही’, याच्यावर मात्र चालत आत जाता येतं.

आणि ब्लँक झालात तर

होतं. प्रेक्षकांनी संहिता वाचलेली नसते, त्यामुळे तुम्ही चेहऱ्यावर आणलं नाही तर त्यांना तो पॉज वाटतो. सहकलाकाराच्या डोळ्यांत बघा, श्वास सोडा, जवळच्या वस्तूला हात घाला, पाणी ओता, खुर्ची सरकवा. शब्द बऱ्याचदा हालचालीला चिकटलेले असतात, हात हलला की ते येतात. नाहीच आले तर आशय सांगा आणि पुढे जा. समोरचा ब्लँक झालेला दिसला तर त्याला पात्रातूनच प्रश्न विचारा. ‘काय रे, आज डॉक्टरांकडे जाणार होतास ना?’ अशी दोन-तीन वाक्यं कुणाला कुठे लागतील ते तालमीतच ठरवून ठेवा. फंबल झालं, म्हणजे बोलताना अडखळलात, तर वाक्य मागे जाऊन दुरुस्त करू नका, जीभ चावून तर अजिबात नको.

पडदा पडल्यावर

ॲड्रेनॅलिन उतरताना हुडहुडी भरते, भूक लागते, काहींना उगाच रडू येतं. काही बिघडलेलं नसतं. काहीतरी गोड खा, बसा, खोबरेल तेलाने मेकअप काढा. कुठे चुकलं याची चर्चा त्या रात्री नको. परीक्षकांशी बोलायची संधी मिळाली तर वही घेऊन जा, लिहून घ्या, वाद दुसऱ्या दिवशी घाला.

आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तालमीतही श्वास कोंडून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा या भीतीपायी कॉलेजच टाळावंसं वाटत असेल तर ते एकांकिकेच्या पलीकडचं आहे. डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे फोन करून बोलता येतं.

बाकीच्यांनी थिएटर सोडायच्या आधी प्रॉपर्टीची यादी घेऊन सगळं मोजून पेटीत भरा. अंतिम फेरीत निवड झाली तर तोच ट्रे आणि त्याच कपबश्या पुन्हा लागणार आहेत.